बाबा, मुखवटा विकायला काढू नका

अक्रा (घाना), रविवार

प्रिय बाबा, सा. न.

मी घानातनं आणलेला आपला मुखवटा जुना-मौल्यवान आहे का, विकावा का म्हणून तुम्ही पाठवलेले फोटो मिळाले सगळे, एकात आईचा पदर पण आलाय. शेजारच्या काकांनी दाखवलेली बातमी खरीच आहे हो, फ्रान्समधल्या म्हातारा-म्हातारीने घरातला जुना मुखवटा १५० युरोला विकला आणि २०२२ ला लिलावात त्याचे ४२ लाख युरो आले, मग कोर्टात गेले आणि २०२३ ला केसही हरले बिचारे. पण तो गॅबॉनमधल्या फांग जमातीचा खरा मुखवटा, त्या म्हाताऱ्याचे आजोबा आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीत गव्हर्नर होते त्यांनी आणलेला. आपला मी इथल्या आर्ट्स सेंटरच्या बाजारातनं घासाघीस करून आणलाय, ४०० सेडी (इथलं चलन) सांगितले नि १८० ला दिला, आता बोला!

तरी तुमच्या समाधानासाठी फोटो घेऊन तिथल्या एका कारागिराकडे गेलो. तो हसायलाच लागला. म्हणे हे सेसे लाकूड, हलकं, कोरायला सोपं, वरचा काळा रंग म्हणजे बुटाचं पॉलिश. जुनं दिसावं म्हणून काहीजण चिखलात पुरून पण ठेवतात. आणि गंमत म्हणजे इथल्या अशांती लोकांत मुखवटे घालायची परंपराच फारशी नाही, त्यांचं खरं काम लाकडी स्टूल नि अकुआबा नावाच्या लाकडी बाहुल्यांचं, बाजारात जे मुखवटे दिसतात ते बरेचसे शेजारच्या देशांतल्यांची नक्कल, टुरिस्टसाठी.

तुम्ही स्वतःच बघा ना, उलटा करून. आपण जव्हारला बोहाड्यातली (मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातली) सोंगं बघितलेली, घालून घालून घामाने आतनं कशी काळी, गुळगुळीत झालेली होती. आपल्या मुखवट्याला आत पटाशीचे कोरे खाचे आहेत, कडेला बांधायला भोकं नाहीत, आणि डोळे इतके बारीक की घालून चालायला गेलं तर टीपॉयला धडकाल.

खरी काळजी वेगळीच आहे. तिसऱ्या फोटोत शोकेसच्या काचेवर पिवळसर भुगा पडलाय ना, पिठासारखा, आई रोज पुसते म्हणालात तो, ती लाकडातली कीड आहे, आणि जिवंत आहे! शेजारी आजीचा देव्हारा आहे सागवानी, म्हणून आधी मुखवटा तिथनं हलवा. मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. मटाराच्या पिशव्या काढाव्या लागतील. आईला तुम्हीच सांगा, मी फोन करत नाही या आठवड्यात.

तुमचा,
बंड्या