टाके निघाले म्हणजे जखम भरली का?

महोदय,

कालच्या आरोग्य पानावर ‘जखम सात दिवसांत भरते’ हा लेख वाचला. भाषा ओघवती आहे, अभिनंदन. माहितीचं तेवढं बघा.

मागच्या मे महिन्यात आमच्या ह्यांनी कूलर खिडकीत बसवायला घेतला आणि पत्र्याची कड पोटरीत शिरली. टाके पडले, यथावकाश निघाले. काढणारा म्हणाला, “झालं काका, आता काही नाही.” मग काय, साहेब पाण्याची बादली घेऊन स्टुलावर! जखम मधोमध उसवली, आतलं लाल मांस दिसेपर्यंत. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरला हात लावू नका म्हणायची सोय नाही, पण आठवडाभरात जखम भरते हे कोणी सांगितलं नसतं तर निदान बादली मी उचलली असती.

वरची कातडी जुळली तरी आतलं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. आधी रक्त थांबतं, मग पांढऱ्या पेशी घाण उपसतात. पहिल्या दिवसांतली थोडी सूज त्याचीच असते. त्यानंतर पेशी घाईघाईने कच्चं कोलॅजेन (कातडीला ताकद देणारं प्रथिन) घालतात आणि पुढे कित्येक महिने ते काढून पक्कं घालत बसतात. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या २० टक्क्यांच्या आसपास, तीन महिन्यांनी साधारण ८०. पूर्वीइतकी कधीच नाही. आणि तुमचे लेखक सातव्या दिवशी जिमला पाठवतात!

‘जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या’ हा लेखातला सल्ला माझ्या सासूबाईही देत, तोही विनामानधन. जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ सालीच डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. वाळक्या खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं, म्हणून उशीर. मधुमेह्यांच्या जखमा रेंगाळतात, त्यावर तर अवाक्षर नाही. संत्रा बर्फीच्या गावात ही माणसं थोडी का आहेत?

लेखकांनी खुलासा करावा ही विनंती. आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याचे चौकोन पुन्हा पुसट छापले होते. काळे कोणते नि पांढरे कोणते, हेच आधी कोडं.

आपली,
एक जुनी वाचक, महाल, नागपूर