ताई, अझाइडच्या त्या थेंबाबद्दल

प्रिय ताई,

हे तोंडावर सांगितलं असतं तर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला असतास. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी प्रयोगशाळेत आले तेव्हा सी. एलिगन्स हा कृमी म्हणजे माझ्या लेखी जेलीसारख्या अगारवर वळवळणारा मिलिमीटरभर लांबीचा स्वल्पविराम होता. प्लॅटिनमच्या तारेनं उचलायला गेले की निम्मे मरायचे, शिवाय अगारला भोकं. तू एवढंच म्हणालीस, ‘टोचू नकोस, खालून अलगद घे.’

मग माझं ते शिकाऊ काम. सुडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू या कृमीच्या जिवावर उठतो, पण अननुभवी कृमी आधी त्याच्याकडेच ओढला जातो. २४ तास त्याच्यावर काढले की मात्र टाळायला लागतो. नवल पुढे आहे. आईला ब्लीचमध्ये विरघळवायचं. कवचातली अंडी तेवढी वाचतात. त्या पिल्लांनी जिवाणू पाहिलेलाही नसतो, तरी ती त्याला टाळतात. प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटानं २०१९ मध्ये हे चौथ्या पिढीपर्यंत दिसल्याचं मांडलं. पाचवी पुन्हा जिवाणूकडेच ओढली जाते. पुढे त्यांनी दाखवलं की निरोप जिवाणूच्याच पी-११ या छोट्या आरएनएतून येतो. कृमींच्या नेहमीच्या खाद्यातल्या ई. कोलाय या जिवाणूत पी-११ घातला, तरी कृमी सुडोमोनास टाळू लागतात. ३०२ चेतापेशींचा जीव, शत्रूला खाऊन शत्रूची ओळख पटवून घेतो!

प्लेटीवर एकीकडे सुडोमोनास, दुसरीकडे ई. कोलाय, आणि कुठे किती कृमी गेले ते मोजायचं. माझ्या प्लेटींवर मात्र शिकलेले आणि न शिकलेले सारखेच. तीन आठवडे मी तापमानाला, जिवाणूंना, नशिबाला बोल लावले. तू प्लेट उजेडात धरून विचारलंस, ‘अझाइड टाकलंस का?’ नव्हतं टाकलं ते रसायन. तासाभरानं मोजायचंच आहे, तर कशाला, असं वाटलं होतं. पण त्या तासात न शिकलेला कृमीही जिवाणूपाशी जाऊन, शहाणा होऊन माघारी फिरतो. मी मोजत होते ते त्याचं नंतर बदललेलं मत. अझाइडचा थेंब त्याला पोचल्या जागी थिजवतो. पहिला कौल तिथेच नोंदला जातो.

आकडे जुळल्यावर मी नाचत असताना तू दोन शोधनिबंध पुढे ठेवलेस. हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या गटाला ही टाळाटाळ फक्त लेकरांत दिसली होती, नातवंडांत नाही. दुसऱ्या एका स्वतंत्र गटाला ती नातवंडांतही दिसली. ‘दोन्ही वाच,’ म्हणालीस, ‘आणि मोजणाऱ्याला कुठली प्लेट कुठली ते कळू देऊ नकोस.’ मग स्वतःच मोजायला बसलीस, रात्री साडेअकरापर्यंत, स्वतःचं काम बाजूला सारून. त्या दिवशी आभार मानायचे राहिले. झोप आली होती, खरं सांगते.

नातवंडांच्या प्लेटी सोमवारी तयार होतील. खुणा मी झाकून ठेवते. येशील ना मोजायला?

तुझी,
अगारला भोकं पाडणारी