बटरक्रीमचे चित्र उलटे काढावे लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत केकवर बटरक्रीमचे (बटर आणि साखर फेटून केलेल्या क्रीमचे) गोठवलेले चित्र उतरवण्याची कृती वाचली. बाजारच्या फोटोशीटला (केकवर लावायच्या खाण्याजोग्या छापील चित्राला) हाताचा पर्याय सुचवलात, हे उत्तम. मात्र चित्रावर बटर पेपर ठेवा, त्यावर रंगीत क्रीम भरा, दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि केकवर पालथे घाला, एवढ्यावर कुणी हे काम करायला घेतले तर चित्राचा निम्मा भाग कागदालाच चिकटून राहील आणि 'शुभेच्छा' आरशात वाचाव्या लागतील.

सगळी गोम 'पालथे' या शब्दात आहे. कागदाला टेकलेली बाजू केकवर वर येते. म्हणून मूळ चित्र आधी आडवे उलटून, म्हणजे डावे-उजवे बदलून घ्यायचे. मोबाइलमध्ये फोटो उलटवण्याची सोय असतेच. नसेल तर छापलेला कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून मागून रेषा गिरवाव्यात. रंगांचा क्रमही उलटा असतो. काचेवरची जुनी चित्रे मागच्या बाजूने रंगवलेली असतात; पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. तिथे आधी दागिन्यांचे ठिपके, मग चेहरा, वस्त्रे आणि शेवटी मागची भिंत रंगवतात. इथे तेच तंत्र आहे. पोपट काढायचा तर पहिल्यांदा काळी बाह्यरेषा, मग डोळ्यातला पांढरा ठिपका, त्याच्यावर काळे बुबुळ, मग लाल चोच, नंतर हिरवे अंग आणि सर्वांत शेवटी आकाश. कागदावर रंगवायच्या सवयीने आधी हिरवे अंग भरून त्यावर डोळा काढला, तर तो डोळा केकवर दिसणारच नाही, हिरव्याखाली गाडला जाईल.

आता क्रीम. एक किलोच्या, साधारण 20 सेंटिमीटर व्यासाच्या केकवर 15 सेंटिमीटरचे चित्र बसते. त्यासाठी 100 ग्रॅम मीठ नसलेले बटर आणि दोनदा चाळलेली 200 ग्रॅम आयसिंग शुगर पुरते. दूध घालायचेच तर एक छोटा चमचा, त्याहून जास्त नाही. पाणी जितके जास्त तितके बर्फाचे कण जास्त, आणि ते वितळले की रंग एकमेकांत उतरतात. याच कारणासाठी घरचे पांढरे लोणी चालत नाही. त्यात ताक आणि पाणी राहतेच. बाजारच्या बटरमध्ये निदान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो, त्यामुळे ते भरवशाचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसते बटर लवकर सैल पडते, म्हणून 70 ग्रॅम बटर आणि 30 ग्रॅम बेकरीचे शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) घेतले तरी हरकत नाही. पण बटर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. नुसते शॉर्टनिंग फ्रीझरमध्येही बटरइतके कडक होत नाही आणि कागद सोलताना चित्र त्याच्याबरोबर निघून येते. शेवटची दोन मिनिटे बीटर अगदी मंद ठेवावा, मग पॅलेट नाइफने (बोथट, लवचिक पात्याच्या सुरीने) क्रीम भांड्याच्या कडेला दाबून दाबून फेटावे. आत राहिलेला हवेचा प्रत्येक बुडबुडा चित्रावर खड्डा होऊन दिसतो.

व्हिप्ड क्रीमचे चित्र करू नये, हे कृतीत लिहायला हवे होते. त्यात हवाच जास्त. ते गोठते, पण कागद काढल्यावर वरचा थर जाळीदार दिसतो आणि टेबलावर ठेवल्यावर बघता बघता मऊ पडतो.

रंग जेलचे घ्यावेत, पाण्यासारखे नव्हे. काळा रंग पांढऱ्या क्रीममध्ये ओतत बसलात तर आधी राखाडी होतो, मग कडू. 60 ग्रॅम क्रीममध्ये एक मोठा चमचा कोको पावडर घालून चॉकलेटी करून घ्यावे आणि त्यात थोडासा काळा मिसळावा. हे मिश्रण आणि लाल रंग दोन्ही आदल्या रात्री करून ठेवावे. रात्रभरात रंग आपोआप गडद होतो. केक-पेस्ट्रीत कृत्रिम रंगांची कायदेशीर मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे किलोला 100 मिलिग्रॅम आहे. केक विकणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी, आणि घरी मुलांसाठी करणाऱ्यांनी तर नक्कीच.

बटर पेपर ओलाव्याने सुरकुततो आणि त्या सुरकुत्या चित्रावर उमटतात. त्यापेक्षा ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठी मिळते ती पारदर्शक प्लास्टिकची शीट) किंवा केकच्या कडेला लावायची पारदर्शक अ‍ॅसिटेट पट्टी बरी. छापलेले चित्र एखाद्या सपाट पाटीवर चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्के करावे आणि त्यावर शीट ताणून चिकटवावी. शाई क्रीमला लागता कामा नये, म्हणून शीट चित्रापेक्षा चारी बाजूंनी निदान दोन बोटे मोठी हवी. पाटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची असेल आणि चित्र तिच्या खालून लावले असेल तर फारच सोयीचे. मधूनच चित्र काढून पाटी उचलायची आणि खालून बघायचे. केकवर जे दिसणार ते तिथेच दिसते, राहिलेल्या फटीसुद्धा.

बाह्यरेषा 2 नंबरच्या नोझलने (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या बारीक छिद्राच्या टोपीने) काढावी. 1 नंबर नवख्या हातात सतत तुंबतो, बहुतेकदा न चाळलेल्या साखरेमुळे. रेषा काढून झाली की पाटी दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी, मगच रंग भरावेत, नाहीतर काळा रंग पिवळ्यात पसरतो. भरताना नोझल रेषेच्या कुशीत टेकवून क्रीम दाबावे, वरून नुसते सोडू नये. लाल आणि पांढरा शेजारी असतील तर मध्ये पुन्हा दहा मिनिटांचा थांबा घ्यावा. सर्व रंग भरून झाले की केकच्या रंगाच्या क्रीमचा थर संपूर्ण चित्राच्या पाठीवर फिरवावा, तोही कडेच्या रेषेबाहेर जाऊ न देता. एकूण जाडी पाच-सहा मिलिमीटर भरली पाहिजे. पातळ चित्र उचलताना तुटते, आणि तुटते नेमके बारीक ठिकाणी, पोपटाच्या शेपटीशी.

देवनागरीसाठी एक वेगळी सूचना. अनुस्वार, चंद्रबिंदूतला ठिपका, हिंदीत लिहिताना 'ड'खालचा नुक्ता (ठिपका) हे बाकी अक्षरांपासून सुटे असतात. मागचा थर त्यांना नीट चिकटला नाही तर ते शीटवरच राहतात आणि 'आनंदी'चे 'आनदी' होते. मागचा थर मऊ असताना ठिपक्यांवर पॅलेट नाइफने हलकेच दाबावे. आमचे मत विचाराल तर नाव चित्रात घालूच नये. चित्र केकवर बसल्यावर कोनने थेट लिहावे. उलटी शिरोरेषा आणि उलटे जोडाक्षर, त्यातही 'वाढदिवसाच्या'तला 'च्या', सरळ येणे म्हणजे नशिबाचा भाग.

कृतीतले 'दोन तास फ्रीजमध्ये' हे सर्वांत घातक. खालच्या कप्प्यात चित्र फक्त थंड होते. ते गोठायला हवे, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये, किमान चार तास आणि शक्यतो रात्रभर. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा इतका गार होत नाही. तिथे पूर्ण रात्र धराच. कप्प्यात बर्फाचे ढेकूळ साठलेले असेल तर पाटी तिरकी बसते, म्हणून खाली स्टीलचे ताट ठेवावे. वरून क्लिंग फिल्म गुंडाळावी. बटर शेजारच्या लसणाचा, सुकटीचा वास पटकन धरते. दिवे जाऊन चित्र अर्धे वितळले आणि पुन्हा गोठले, तर त्यावर सुरकुती आणि पाण्याचे डाग येतात. त्याची दुरुस्ती नसते, नवे काढावे.

केकचा वरचा भाग सपाट आणि अर्धा तास फ्रीजमध्ये गार झालेला असावा. मध्यभागी मऊ क्रीमचे दोन-तीन ठिपके द्यावेत. मग चित्र बाहेर काढून थेट पालथे ठेवावे, तळहाताने पाच सेकंद दाबावे आणि शीट एका कोपऱ्यातून वर न खेचता मागे आडवी ओढत सोलावी. हे सगळे एका मिनिटात. पंखा बंद, एसी असेल तर चालू. मे महिन्यातल्या नागपुरात तर दुपारी हे काम करूच नये. शीटला रंग चिकटू लागला की तिथेच थांबावे, केक तसाच दहा-पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा आणि पुढे सोलावे. जोर लावणाऱ्याच्या हाती शीटबरोबर चोचही येते. राहिलेले खड्डे त्याच रंगाच्या क्रीमने 1 नंबरच्या नोझलने बुजवावेत आणि कडेने शंखाची नक्षी फिरवावी. चित्राची जाडी त्यात झाकली जाते.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत आणि गोव्यात चित्र बाहेर काढताच त्यावर दव जमते. ते टिपू नये. टिपले की रंग फरफटतो. शीट सोलल्यावर केक बंद खोक्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. नंतर बाहेर काढल्यावरही पाऊण तास खोका उघडू नये, म्हणजे पाणी पुठ्ठ्यावर जमते आणि चित्र कोरडे राहते. ग्राहकाला केक देताना ही सूचना खोक्यावर लिहूनच द्यावी, कारण घरी नेल्यावर पहिले काम झाकण उघडण्याचे होते.

आपल्याकडे बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचेच मागितले जातात. त्याच्यावर हे जड चित्र बसते, पण खाली रुतते आणि कडेने रंग सुटतो. अशा केकच्या वरच्या भागावर चित्राएवढ्या गोलात तीन मिलिमीटर बटरक्रीम लावून तो फ्रीजमध्ये घट्ट करून घ्यावा, बाजू व्हिप्ड क्रीमच्याच राहू द्याव्यात. गणपतीचे किंवा शिवरायांचे चित्र मात्र केकवर घेऊ नये. सुरी कुणी चालवायची, यावर ऐन समारंभात पेच पडतो.

नाताळ आणि नववर्षाच्या केकची तयारी आता घरोघर सुरू होईल. त्याआधीच्या पुरवणीत निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात: चित्र आरशातले घ्यावे, आणि ते फ्रीजमध्ये नव्हे तर फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवावे.

कळावे,
केक-सजावटीचे वर्ग घेणाऱ्या आम्ही काही जणी, पुणे