डोंबिवली की पनवेल?

महोदय,

ठाण्यातील भाड्याची जागा सोडून स्वतःचे घर घ्यायचे ठरल्यापासून गेले सहा महिने आम्ही पती-पत्नी डोंबिवली आणि पनवेल येथे घरे पाहत आहोत. माझे कार्यालय ऐरोलीत आणि पत्नीचे फोर्टमध्ये असल्याने सदनिकेच्या दराइतकाच रोजच्या प्रवासाचा विचार करणे आम्हाला भाग होते. म्हणून दोन्ही ठिकाणांहून आम्ही ऐन गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष प्रवास करून पाहिला.

डोंबिवलीहून जलद लोकल मिळते खरी. पण दाराला माणसे अशी लगडलेली असतात की पत्नीला लागोपाठ दोन गाड्या सोडून द्याव्या लागल्या. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, हे मनातून जात नाही. पनवेलला गाडी तेथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते, मात्र हार्बर मार्गावर जलद गाड्या नसल्यामुळे सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. तरीही आम्ही पनवेलच निवडले.

कल्याण-डोंबिवलीकडील गाड्या ठाण्याला न जाता थेट ऐरोलीकडे नेणारा कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग झाला असता, तर डोंबिवलीहून ऐरोलीला जाताना ठाण्याला उतरून पुलावरच्या रेटारेटीतून फलाट 9-10 गाठावा लागला नसता आणि आमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. याच प्रकल्पातील दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. उरलेला मार्ग कधी पूर्ण होणार, हे रेल्वे प्रशासनाने जाहीर करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे