डिस्चार्ज कार्डावर एक्स-रेचा डोस पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार.

नाशकात मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत आता जिकडे बघावं तिकडे कॅथलॅबचे, म्हणजे एक्स-रेत बघत शरीरात नळ्या-तारा सरकवून इलाज करायच्या खोल्यांचे, बोर्ड दिसतात, आणि चांगलंच आहे ते, नाहीतर पूर्वी पित्तनळीत साधी नळी टाकायची म्हटलं तरी पेशंटला घेऊन कसारा घाट उतरावा लागायचा. मी जन्मभर एक्स-रे टेक्निशियनची नोकरी केली म्हणून हा बदल जवळून बघितलाय. आमच्या उमेदीत फ्लुरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर चालता एक्स-रे बघणं, ती बेरियमसाठी, कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं पाणी पाजायचं, पेशंट तोंड वाकडं करणार, आणि ते पोटात कुठे अडतंय ते पडद्यावर बघायचं. एंडोस्कोपी आणि सीटी आले आणि ते काम बरंचसं आटलं. पण मशीन काही अडगळीत गेलं नाही, आता त्याच चालत्या एक्स-रेखाली मनगटातून नाहीतर जांघेतून तार सरकवून फायब्रॉइडचा, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीचा, रक्तपुरवठा बंद करतात, लिव्हरच्या गाठीत थेट केमो सोडतात, डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी, फिस्टुला, अरुंद झाली तर फुग्याने मोकळी करतात. याची सुरुवात १९६४ ची, अमेरिकेत चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरांनी ८२ वर्षांच्या एका आजीबाईंच्या पायाची रक्तवाहिनी अशीच आतून उघडली, बाई पाय कापून घ्यायला तयारच नव्हत्या.

आता माझा मुद्दा. छातीचा एक्स-रे म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच झाला, इथे मात्र डॉक्टरांचा पाय पेडलवर आहे तोवर किरण चालूच, आणि अवघड केस असली की तास-तास प्रोसिजर चालते. दर पाच मिनिटांनी मशीन बझर वाजवून सांगतं की बाबा एवढा वेळ झाला, बहुतेक ठिकाणी कोणीतरी न बघता हात लांब करून तो बंद करतं. आणि गंमत म्हणजे एकूण किती डोस, म्हणजे किती किरण, गेला ते मशीन स्वतःच मोजतं, मिलिग्रेमध्ये (हजार मिलिग्रे म्हणजे एक ग्रे) स्क्रीनवर आकडा येतो, फक्त तो कागदावर उतरत नाही.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांची अँजिओप्लास्टी झाली, ब्लॉक अवघड होता, खूप वेळ लागला. हार्ट एकदम ओके. दोन-तीन आठवड्यांनी पाठीवर खांद्याच्या खाली लाल चट्टा उठला, चौकोनी, अगदी पट्टीने आखल्यासारखा. स्किनवाल्यांनी गजकर्णाचं मलम दिलं, त्यांचा तरी काय दोष, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चट्ट्याची जागा आणि आकार बघून हा एक्स-रेचाच चट्टा असेल अशी मला शंका आली म्हणून फाइल मागितली, तर स्टेंटचा स्टिकर नंबरासकट चिकटवलेला, बिलात ग्लोव्हजची जोडी सुद्धा मोजलेली, डोस कुठेच नाही. कातडीला एका जागी साधारण २ ग्रेच्या वर डोस बसला की लाली येऊ शकते, आणि ती कधीकधी आठवड्यांनी दिसते, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. सगळ्यांना असं होतं असं अजिबात नाही, बहुतेकांना काहीच होत नाही, पण ज्याचं दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा करायचंय त्याच्या पुढच्या डॉक्टरला मागचा आकडा नको का माहीत असायला?

स्टाफचं तर विचारूच नका. छातीवर लावायचा टीएलडी बॅज, जो अंगावर किती किरण पडले ते नोंदवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, तो मी खुंटीवर लटकलेला बघितलाय, का तर डोस जास्त दिसला की चौकशी लागते. किरण अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनची घडी घालून स्टुलावर टाकतात, आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून कळत पण नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असल्याशिवाय कॅथलॅब चालवता येत नाही, कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (अंगावर पडलेल्या किरणांचं हे माप) मर्यादा आहे, नियम सगळे आहेत हो. पण हाडांच्या ऑपरेशन थिएटरात सी-आर्म, म्हणजे फिरतं एक्स-रे मशीन, फिरवणाऱ्या पोराला टेबलापासून एक पाऊल मागे सरकलं तरी किती फरक पडतो हे कोणी सांगत नाही, अंतर दुप्पट झालं की डोस चौथाईवर येतो.

डॉक्टर मंडळी म्हणतील आकडे बघून पेशंट घाबरतील. अहो, शुगर, क्रिएटिनिनचे आकडे लोक पाठ करून फिरतात. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे, सिव्हिल सर्जन साहेबही हे वाचतील अशी आशा आहे, कार्डावर दोन रकाने वाढवायला काही वेगळी मशिनरी लागत नाही, फ्लुरो टाइम, म्हणजे किरण किती वेळ चालू होते ते, आणि एकूण डोस, आणि जास्त झाला असेल तर खाली एक ओळ की महिनाभर पाठ बघत राहा. तोपर्यंत नातेवाइकांनी डिस्चार्जच्या वेळी स्वतःच मागावं, प्रोसिजरच्या रेकॉर्डमध्ये आकडा असतो, लिहून द्यायला एक मिनिट लागतं.

– एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, सिडको, नाशिक