जंत दिसत नाहीत, म्हणून नाहीत असे नव्हे

महोदय,

पाळीव प्राण्यांच्या संगोपनावर आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लसीकरण, आहार, केसांची निगा यांविषयी त्यात बारकाईने लिहिले आहे. जंतांचा विषय मात्र ‘प्राणी अशक्त दिसू लागल्यास जंताचे औषध द्यावे’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. पशुवैद्यक म्हणून माझी बरीच वर्षे जनावरांची विष्ठा तपासण्यात गेली, त्यामुळे त्या एका वाक्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. प्राणी अशक्त दिसेपर्यंत थांबायचे, ही समजूतच घरातल्या माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या, मुळावर येते.

कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा, याचेच पाहा. मोठ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत त्याच्या अळ्या निपचित पडून असतात. तिची विष्ठा तपासली तरी पुष्कळदा काहीच सापडत नाही आणि या अवस्थेतल्या अळ्यांवर जंताच्या नेहमीच्या गोळीचा परिणामही होत नाही. ती गाभण राहिली, की शेवटच्या आठवड्यांत या अळ्या जाग्या होतात आणि नाळेवाटे पोटातल्या पिल्लांकडे जातात. जन्मानंतर काही दुधावाटेही जातात. म्हणून स्वच्छ फरशीवर जन्मलेले, बाहेरची माती न पाहिलेले, गुटगुटीत दिसणारे पिल्लू जेमतेम तीन-चार आठवड्यांचे होते तोच विष्ठेतून अंडी टाकू लागते.

ही अंडी पाहायची तर विष्ठेचा लहानसा नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून गाळतात. अंडी द्रावणापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी वरची काच अलगद उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की तपकिरी, जवळजवळ गोल, जाड कवचाची अंडी दिसतात. कवचावर बारीक खळगे असतात. एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. नुकत्याच पडलेल्या अंड्यापासून धोका नसतो, कारण आतली अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेवढा अवधी मिळाला, की मात्र तेच अंडे ओलसर, सावलीच्या मातीत काही वर्षेसुद्धा टिकून राहते आणि घरातली नेहमीची जंतुनाशके त्या कवचापुढे निष्प्रभ ठरतात. म्हणजे खरा धोका कुत्र्याला कुरवाळण्यात कमी आणि अंगणातल्या, खेळाच्या मैदानातल्या मातीत अधिक आहे. विष्ठा त्याच दिवशी उचलली, तर अंड्याला ती मुदतच मिळत नाही. इतक्या साध्या कृतीने एवढे साधते, ही गोष्ट प्रत्येक पालकापर्यंत पोहोचायला हवी.

मातीत खेळलेला हात तोंडात गेला आणि असे अंडे पोटात गेले, तर माणसाच्या शरीरात त्या अळीची पूर्ण वाढ होत नाही. ती वाट चुकल्यासारखी यकृतात, फुप्फुसात, कधी मेंदूत, कधी डोळ्यात फिरत राहते. हेलेनॉर वाइल्डर या संशोधक महिलेने १९५० साली कर्करोगाच्या संशयावरून काढून टाकलेल्या मुलांच्या डोळ्यांचे पातळ काप तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांत कर्करोग नव्हताच, कृमीच्या अळीच्या खुणा होत्या. हे वाचले त्याला आता खूप वर्षे झाली, तरी पिल्लू तपासताना आजही त्याची आठवण होते.

आठवण होण्याला आणखी एक कारण आहे. एकदा एक बाई पिल्लाला लस टोचून घ्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की पाच वर्षांच्या मुलाला एका डोळ्याने अंधूक दिसते आणि कारण कळत नाही. दोन ठिकाणी दाखवून झाले होते, रक्तात इओसिनोफिल पेशी (कृमींच्या लागणीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढल्याचेही आढळले होते, पण घरात कुत्रे आहे का, हे कोणीच विचारले नव्हते. पिल्लाला जंताचे औषध एकदाही दिलेले नव्हते, कारण ते ‘चांगले खात-पीत होते’. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली. डोळा वाचला, नजर मात्र पूर्ण परत आली नाही. त्या बाईंचा यात दोष होता असे मला वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्याआधी त्या दोनदा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या आणि मीही सांगितले नव्हते.

हायडॅटिड गाठीची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त गंभीर आहे. ती ज्या फीतकृमीमुळे होते तो अवघा २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असले तरी कुत्रे धडधाकट दिसते. मेंढी, बकरी, गाय यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात याच कृमीच्या अळ्यांच्या, पाण्याने भरलेल्या गाठी असतात; कापलेल्या जनावराचे असे अवयव कुत्र्यापुढे टाकले, की त्याला लागण होते. साधारण सहा आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात आणि ती केसांना, हातांना, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात जातात. ही अंडी टॉक्सोकारासारखी वाट पाहत बसत नाहीत. ताज्या विष्ठेतलीही लागण करतात. माणसाच्या यकृतात वाढणारी गाठ वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही आणि एखाद्या दिवशी फुटली, तर अतितीव्र अॅलर्जीने जीवही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कोणत्याही वेळी १० लाखांहून अधिक लोक या रोगाने ग्रस्त असतात.

तरीही हा रोग घालवता येतो. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये त्याने थैमान घातले होते. हाराल्ड क्राबे हे डॅनिश संशोधक १८६३ साली तिथे गेले, त्यांनी कुत्र्यांची शवविच्छेदने केली आणि लागण कशी होते हे साध्या भाषेत सांगणारी पुस्तिका घरोघरी पोहोचवण्यात आली. कापलेल्या जनावरांचे अवयव कुत्र्यांच्या तोंडी न देणे आणि कुत्र्यांवर उपचार करणे, ही दोन कामे तिथल्या लोकांनी नेटाने केली आणि विसाव्या शतकात रोग तिथून हद्दपार झाला. आज फीतकृमीवर प्राझिक्वाँटेलसारखे प्रभावी औषध आपल्या हाताशी आहे. त्या लोकांपाशी ते नव्हते.

औषधाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चुका दिसतात त्या मात्रेच्या. वजन न करता अंदाजाने अर्धी गोळी देणे, गाई-म्हशींचे आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक कुत्र्याला टोचणे (कोली जातीच्या कुत्र्यांत ते जीवघेणे ठरू शकते), गोलकृमीचे औषध देऊन फीतकृमीही गेले असे समजणे, हे सर्रास चालते. पिल्लांना २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि मोठ्या कुत्र्याला किमान तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. पिल्लांबरोबर आईलाही द्यावे. कच्चे अवयव खाण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला फीतकृमीचे औषध दर सहा आठवड्यांच्या आत द्यायला हवे, कारण तेवढ्यात नवा कृमी अंडी टाकण्याजोगा होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसत असतील, तर तो पिसवांमार्फत येणारा फीतकृमी असतो आणि पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो जात नाही.

मांजराविषयी थोडे लिहितो, कारण तिथे भीती उलट्या दिशेने जाते. गर्भवतीच्या घरातून मांजर हाकलून देण्याचा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला अन्यायकारक वाटतो. ही भीती असते टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे गर्भाला इजा करू शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची. त्याची लागण झालेले मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, दोनेक आठवडे, विष्ठेतून त्याचे बीज टाकते आणि ते संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजराची पेटी घरातल्या दुसऱ्या कोणी रोज साफ केली, मातीत काम करताना हातमोजे घातले आणि मांस पूर्ण शिजवले, तर मांजर घरातच राहू शकते. अर्धकच्च्या मांसातून होणारी लागण पाळलेल्या मांजरापासून होणाऱ्या लागणीपेक्षा कमी महत्त्वाची नाही, हे सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपणास माझी विनंती एवढीच आहे, की संगोपनाच्या पानावर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी जंतनाशकांचा तक्ताही छापावा आणि आरोग्याच्या पानावर लिहिणाऱ्या डॉक्टरांना, रुग्णाच्या घरात कोणते प्राणी आहेत व त्यांना जंताचे औषध शेवटचे केव्हा दिले, हे दोन प्रश्न विचारण्याविषयी लिहायला सांगावे. पशुवैद्यकांच्या बाजूने घरात लहान मूल किंवा गर्भवती आहे का, हे मी आता प्रत्येक पिल्लामागे विचारतो आणि औषधाच्या चिठ्ठीवरच पुढची तारीख लिहून देतो.

आपला,
एक पशुवैद्यक