चिऊ, आधी मोडी शीक

चिऊ,

परवा फोनवर मी जरा जास्तच बोललो. एमए इतिहास म्हणल्यावर पहिलं तेच तोंडातून निघालं, पुढे करणार काय. तू फोन ठेवलास ते बरंच केलंस. रात्रभर झोप नाही (आईला सांगू नको, तिला वाटतंय ॲसिडिटी होती).

तुला एक कधी सांगितलंच नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा आम्ही रेकॉर्ड रूममधले सगळे गठ्ठे खाली काढले, जुनी कोतवाल बुकं म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळं मोडी लिपीत, आणि इतकी वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात पण मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. शेवटी बाहेरून मोडी वाचणारा आला, असेल तुझ्याच वयाचा, पाठीला सॅक. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि तिला हात न उचलता लटकवलेली अक्षरं, शब्द कुठे तुटतो पत्ता नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. पोरगा बोट फिरवत गेला, एका ओळीवर थांबला, म्हणाला काका हे बघा, मुलगी, वय सहा दिवस, ताप. नाव नाही, नुसतं मुलगी. त्याला कुणबी हा शब्द हवा होता म्हणून तो पुढे गेला, मी त्याच पानावर राहिलो.

तर माझी अट एकच, ॲडमिशन कुठेही घे पण मोडी आधी शीक. पुण्यातच आहेस, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० ला काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ तिथेच, पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, तेही तिथेच. इतिहासकार सरदेसायांनी त्या दप्तरातून ४५ खंड छापले तरी ती निवडच होती गं, बाकीचं अजून रुमालात बांधलेलं आहे. आणि शिवकाल घेणार असशील तर थोडी फारसी पण लागेल, नुसता अभिमान असून भागत नाही. आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी इतिहास येतो, काकाला विचार कुठल्या कागदात आहे, लगेच गुड मॉर्निंगचं फूल टाकतो.

पैशाचं बघू. नेट, ती प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा असते, त्यातून जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० म्हणे, म्हणजे माझ्या पेन्शनपेक्षा जास्त! नाही निघाली तर मी आहे अजून.

दिवाळीला येशील तेव्हा आजोबांची ट्रंक उघडू. खाली सात-आठ मोडी कागद आहेत, वाळवीने कडा खाल्ल्यात म्हणून मी ते आईच्या जुन्या सुती साडीत बांधून वर ठेवलेत. त्यातला एक मला जमिनीचा वाटतो, आई म्हणते लग्नाची यादी असणार. तू वाचून सांग कोण जिंकलं.

बाबा